खोली नंबर नऊ

नळीवर मी लिहिलं होतं: विमल पाटणकर, वय पन्नास.
रक्त माझं होतं.
डाव्या दंडाला पट्टा, त्याचं टोक दातांत,
एकवीस वर्षं लोकांच्या शिरा शोधणारा हात
त्या सकाळी तीनदा चुकला.

मशीनने आकडे दिले. मशीनला कोण विमल, कोण मी.
शेजारच्या टेबलावरून दळवी म्हणाली,
"कोण गं ही? लिव्हरची पार वाट लावलीये बाईने.
नवऱ्याला सांग म्हणावं, बाटली लपवून ठेव."
मी हसले. मग बाथरूममध्ये
नळ सोडून उभी राहिले.

नवरा सुपारीसुद्धा खात नाही.
मी सायनच्या दुकानातून आणायची, "मिस्टरांसाठी" म्हणत,
आणि तिथला पोरगा क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा,
मेडिकलवाला बायकांच्या वस्तू गुंडाळतो तशी.
साबुदाण्याच्या डब्यात ती नेमकी मावायची.
चतुर्थीच्या आदल्या रात्री जागा बदलावी लागे.

पत्ता सापडला ओपीडीच्या जिन्यात,
'येथे थुंकू नये'च्या खाली चिकटवलेला:
नायगाव, महापालिकेची शाळा, गुरुवार, संध्याकाळी सात.
तो कागद मी रोज बघत होते.
वाचला त्या दिवशी.

वॉचमनला विचारायला जीभ रेटेना.
पहिल्या मजल्यावर उजेड दिसला, बायका दिसल्या, जाऊन बसले.
तो शिवणवर्ग होता.
पाऊण तास मी काज कसं करायचं ते शिकले.
बाईंनी माझं कापड उचलून सगळ्यांना दाखवलं,
"हात बघा यांचा, किती स्थिर आहे."
निघताना दोन झाकणं घेतली होती, म्हणून स्थिर.

पुढच्या गुरुवारी वॉचमनच म्हणाला,
"दुसरा मजला. खोली नऊ."
आणि वर न बघता तंबाखू मळत राहिला.
त्याचे उपकार.

तिसरीचा वर्ग. बाकं एवढीशी
की थोराड पुरुष आडवे बसलेले, गुडघे बाहेर काढून.
भिंतीवर कापसाचा ससा, एक कान गळालेला.
फळ्यावर बाईंचं वळणदार अक्षर:
पट ४२. हजर ३१.

परब बोलत होता. पूर्वी डंपर चालवायचा.
मुलीच्या बारशाला म्हणून निघाला,
पोचला तेव्हा मुलगी चालत दाराशी आली.
लोक हसले. तोही हसला.
असं हसता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
लोबो म्हणून एक म्हातारे, त्यांच्या बशीतला चहा थरथरत होता,
आणि कुणी बघत नव्हतं;
म्हणजे बघत होते, पण
आपल्याच घरातल्या गळक्या नळाकडे बघावं तसं.
एकजण सारखा घड्याळ बघायचा.
दुकानं किती वाजता बंद होतात
ते त्या खोलीत सगळ्यांनाच पाठ होतं.

बायकांत मी एकटी.
"ताई," परब म्हणाला, "कुणासाठी आलात? मिस्टर? मुलगा?"

केवढा सोपा दरवाजा उघडून दिला होता त्याने.
मिस्टरांसाठी, एवढंच म्हणायचं.
शब्द तोंडात तयारच होता,
सायनच्या काउंटरवर घासून गुळगुळीत झालेला.

पंखा खटखटत होता.
"विमल," मी सुरुवात केली, आणि थांबले.

"हेमांगी," म्हटलं. "हेमांगी रणदिवे.
माझ्यासाठीच."

"आडनाव सांगायचं नसतं इथे," परब हळूच म्हणाला
आणि सरकून बाकावर जागा केली,
तिसरीतलं एक पोर मावेल एवढी.

निघताना फळ्याखाली खडू दिसला.
हजरचे बत्तीस करावेसे वाटले.
नाही केले. सकाळी बाईंचा हिशोब चुकला असता.

घरी डब्यात अजून अर्धी शिल्लक होती.
तेवढं त्या दिवशी सांगितलं नाही.